डोंबिवली, बोरिवली की कोलोरॅडो?

रविवारची दुपार. बदलापूर पूर्वेला, खरवईत मावशीचं घर. ताटात मटण आहे आणि तरी कुणी नीट जेवत नाहीये. म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते तुम्हीच समजून घ्या.

प्रकरण माझ्या मावसबहिणीचं. वय सोळा, अकरावी कॉमर्स, आणि तीन हजार मीटर पळते. पळते म्हणजे खरंच पळते. रोज पहाटे पाचला उठून कर्जतच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने, कुत्री आणि पाण्याचे टँकर चुकवत. शाळेपासून पळतेय, जिल्ह्याच्या स्पर्धेत नंबर आलाय, आणि तिथेच कुणीतरी तिला पाहिलं. एका खासगी अकादमीतून फोन आला. दुसऱ्या राज्यात, निवासी, राहणं-खाणं-ट्रेनिंग सगळं तिथेच. फी काकांच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी. वर एक गाजर: दोन वर्षांत चांगली प्रगती केली तर परदेशात ट्रेनिंगची संधी. पंधरा दिवसांत कळवा.

काका एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतात. ते म्हणाले, "बारावी होऊ दे, मग बघू." मावशी काहीच म्हणाली नाही, नुसती पोळ्या वाढत राहिली. मग अचानक माझ्याकडे वळली. "अगं, तू पेपरात आहेस ना? मग तू सांग."

आता मी पेपरात म्हणजे इंटर्न. माझं काम प्रेसनोट बारीक करणं आणि चहा आला का ते बघणं. पण मावशीसाठी मी पेपरात. त्यामुळे "शोधते आणि सांगते" असं म्हणून मी सुटका करून घेतली, आणि मग खरंच शोधायला बसले. कारण हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही. तुमच्याही कॉलेजात असं कुणीतरी असेलच. जिमखान्याच्या नोटीस बोर्डवर कौतुकाने नाव लागलेलं आणि त्याच आठवड्यात डिफॉल्टर लिस्टमध्येही झळकलेलं. किंवा ते कुणीतरी तुम्हीच असाल. घरी राहून मोठं व्हायचं, की बाहेर पडायचं? आणि पडायचंच, तर कधी?

सुरुवात आपल्या लोकल लाइनीपासूनच करते, कारण या प्रश्नाची दोन्ही उत्तरं एकाच स्टेशनवर सापडतात. डोंबिवलीत.

पहिलं उत्तर अजिंक्य रहाणे. डोंबिवलीचा मुलगा, शाळकरी वयात किट बॅग घेऊन सीएसटीपर्यंत लोकलने यायचा. सुरुवातीला वडील सोबत असायचे. मग एक दिवस ते म्हणाले, आता तू एकटा जा. तो एकटा गेला, आणि वडील त्याला कळू न देता मागच्या डब्यातून लक्ष ठेवत आले. हा किस्सा रहाणेने स्वतःच सांगितलाय. पोरगं रोज मैदानावर जातं आणि रोज रात्री घरी येऊन आईच्या हातचं जेवतं. घरी राहून मोठं होणं म्हणतात ते हे.

दुसरं उत्तर रोहित शर्मा. त्याचे आई-वडीलही डोंबिवलीत राहायचे, एका खोलीत. परिस्थिती बेताची, म्हणून रोहित वाढला बोरिवलीला, आजी-आजोबा आणि काकांकडे. आई-वडिलांकडे यायचा तो शनिवार-रविवारी. 1999 मध्ये काकांच्या पैशांतून तो क्रिकेट कॅम्पला गेला, तिथे दिनेश लाड सरांनी त्याला पाहिलं आणि शाळा बदल म्हणाले. नव्या शाळेची फी परवडणारी नव्हती, तर सरांनी त्याला स्कॉलरशिप मिळवून दिली. पुढचं तुम्हाला माहितीय.

डोंबिवली ते बोरिवली म्हणजे दादरला उतरून, पूल चढून, पश्चिमेची गाडी पकडायची. नकाशावर हे अंतर काहीच नाही. पण बारा वर्षांच्या मुलासाठी आई आठवड्यातून एकदा भेटणं म्हणजे परदेशच की! तेव्हा 'बाहेर' हा शब्द आपण जरा जपून वापरू. बाहेर जायला पासपोर्ट लागतोच असं नाही.

हेच लाड सर पालघरच्या एका मुलाच्या गोष्टीतही आहेत. शार्दूल ठाकूर पालघरहून पहाटेची गाडी पकडून मुंबईला खेळायला यायचा. जाण्या-येण्यातच दिवस संपायचा. दहावीच्या सुमाराला सरांनी त्याला आपल्या शाळेत आणि चक्क आपल्या घरी आणलं. म्हणजे कोचच्या घरात, कोचच्या कुटुंबासोबत राहायला.

इथे मला पहिल्यांदा काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. ही मुलं बाहेर गेली खरी, पण ज्या ठिकाणी गेली तिथे एक घर होतं. आजीचं, काकांचं, सरांचं. धनराज पिल्लेचं बघा. पुण्यात खडकीला, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या स्टिका चिकटवून हॉकी खेळणारा मुलगा. तो मुंबईला आला तो मोठ्या भावाच्या, रमेशच्या पाठोपाठ. भाऊ आधीच इथे खेळत होता. नंतर धनराज लंडन, जर्मनी, फ्रान्स, मलेशिया, ढाका असा जगभरच्या क्लबांकडून खेळला, पण ते नाव झाल्यावर. अठराव्या वर्षी त्याला परदेशी क्लबची नाही, मुंबईत भावाच्या खोलीतल्या कोपऱ्याची गरज होती.

मावशीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "हो, पण आपलं त्या राज्यात कोण आहे?" कोणी नाही. हा मुद्दा तिने माझ्या आधी पकडला होता, फक्त पोळ्या वाढताना बोलली नव्हती.

आणि खरं सांगायचं तर तिच्या गप्प बसण्यामागे अजूनही एक गोष्ट आहे. ऑगस्ट 2024 मध्ये आमच्या गावातल्या शाळेत चिमुरड्या मुलींच्या बाबतीत जे घडलं, ज्यासाठी अख्खं बदलापूर रेल्वे रुळांवर उतरलं, ते इथल्या कुठल्याच आईच्या डोक्यातून गेलेलं नाही. मुलीला हॉस्टेलवर पाठवायचं म्हटलं की पहिला प्रश्न मेडलचा येतच नाही. तिथे रात्री कोण असतं, हा येतो. तुम्हाला हे ओव्हरप्रोटेक्टिव्ह वाटत असेल तर एकदा इथल्या आयांशी बोला.

पण आमची बाई क्रिकेट खेळत नाही, तिला पळायचंय. त्यातही मनात आहे ती स्टीपलचेस. कारण भिंतीवर ललिता बाबरचा फोटो आहे.

ललिता बाबर कोण, हे माहीत नसेल तर थोडं थांबा, कारण पुढची अख्खी गोष्ट तिच्यावरून जाते. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव. दुष्काळी भाग. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती सलग तीन वर्षं पहिली आली, मग स्टीपलचेसकडे वळली. 2015 मध्ये आशियाई चॅम्पियन झाली आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फायनलला पोहोचून दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची फायनल गाठणारी तिच्याआधीची भारतीय धावपटू होती पी. टी. उषा, 1984 मध्ये. मध्ये 32 वर्षं गेली होती. पुढे ललिता राज्याच्या महसूल सेवेत अधिकारी झाली. (काकांना यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त आवडलं.)

स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटर पळायचं आणि वाटेत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा पार करायचा. अडथळा भक्कम लाकडी असतो, हर्डलसारखा पाय लागल्यावर पडत नाही. तुम्हीच पडता. पावसाळ्यात आमच्या रस्त्यांवर वॉटर जंप फुकट मिळतो हे खरं, पण त्यावर तंत्र शिकता येत नाही. त्यासाठी तसा ट्रॅक लागतो, कुणीतरी रोज उभं राहून बघणारं लागतं. म्हणजे या खेळात 'सगळं घरीच करू' असं म्हणून चालणार नाही, हे मी आधीच मान्य करते. रहाणेला सीएसटीची लोकल पुरली. हिला ती पुरेल असं नाही.

मग ललिता हे कुठे शिकली? इथे गोष्टीत एक मजेशीर वळण येतं. तिच्यासाठी परदेश भारतात आला होता. निकोलाय स्नेसारेव्ह नावाचे कोच. मूळचे बेलारूसचे. 2005 मध्ये भारतात आले आणि आपल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंना त्यांनी वर्षानुवर्षं घडवलं. ललिता, सुधा सिंग, आपल्या नाशिकची कविता राऊत, सगळ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. अतिशय कडक माणूस अशी त्यांची ख्याती. मध्ये सोडून गेले, 2021 मध्ये परत आले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतल्या हॉस्टेलच्या खोलीतच त्यांचं निधन झालं. वय 72. स्वतःचा देश सोडून साताऱ्याच्या आणि नाशिकच्या मुलींना पळायला शिकवणारा हा माणूस, आणि आपल्या किती जणांना त्याचं नाव माहीत आहे?

बेलारूस म्हटल्यावर मी जरा तिकडे डोकावले, कारण मला वाटलं, बघू तरी, ज्या देशातून असे कोच येतात तिथली मुलं काय करतात. तर तिथेही हाच वाद! फक्त खेळ वेगळा, आइस हॉकी. बर्फावरची, पक मारायची. एक कोटीपेक्षाही कमी लोकांचा देश, पण हॉकीचं वेड आपल्या क्रिकेटसारखं. 2002 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी बलाढ्य स्वीडनला 4-3 असं हरवलं होतं. आणि तिथल्या पोरांपुढे प्रश्न हा, की मिन्स्कमध्ये राहून मोठं व्हायचं की सोळाव्या-सतराव्या वर्षी बॅग भरून अमेरिका-कॅनडा गाठायचं?

दोन पोरांची उदाहरणं देते. आर्त्योम लेव्शुनोव्ह झ्लोबिन नावाच्या छोट्या गावचा. 2022 मध्ये, म्हणजे आमच्या बहिणीच्याच वयाचा असताना, तो अमेरिकेत ज्युनिअर लीग खेळायला गेला. मग तिथल्याच मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत. 2024 मध्ये एनएचएल या तिथल्या सगळ्यात मोठ्या लीगने नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा अख्ख्या जगातून त्याचा नंबर दुसरा लागला. दुसरा पोरगा येगोर शारांगोविच. तो वीस वर्षांचा होईपर्यंत मिन्स्कमध्येच खेळला. त्याचीही निवड झाली, पण वयाची पहिली संधी उलटून गेल्यावर, 2018 मध्ये, आणि 141 व्या नंबरवर. त्यानंतर दुय्यम लीगमध्ये घासली, आणि 2023-24 च्या सीझनला कॅलगरीकडून 31 गोल केले.

आता सांगा, कोण बरोबर? एकाला लवकर बघितलं गेलं, दुसऱ्याला उशिरा. जो घरी राहिला त्याने खेळ गमावला नाही, रांगेतली जागा गमावली. आणि लेव्शुनोव्हच्या पिढीसाठी तर घरी राहणं आणखी अवघड झालं, कारण युक्रेन युद्धामुळे 2022 पासून बेलारूसच्या संघांना आंतरराष्ट्रीय हॉकी संघटनेने जागतिक स्पर्धांमधून बाहेर ठेवलं. घरी थांबलास तर तुला कुणी बघणारच नाही, असा सीन. यात मुलांचा काय दोष, हा वेगळा विषय आहे.

यातून मी एक धडा घेतला. घरी राहण्याची खरी किंमत बहुतेक वेळा सुविधा नसते. सोबत खेळायला आपल्यापेक्षा भारी कुणी नसतं, आणि बघायला कुणी येत नाही, ही किंमत असते. खरवईच्या रस्त्यावर आमची बहीण रोज पहिली येते. एकटीच पळते म्हटल्यावर येणारच!

याच मुद्द्यावरून अविनाश साबळेकडे येते. बीड जिल्हा, आष्टी तालुका, मांडवा गाव. घरापासून शाळा सहा किलोमीटर, गाडी नाही, म्हणून पळत जायचा. हे ऐकून 'वा, काय नैसर्गिक ट्रेनिंग' वगैरे म्हणू नका प्लीज. त्याला खेळाडू व्हायचं नव्हतं, शाळेत वेळेवर पोहोचायचं होतं. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनला होता, राजस्थानात होता. 2015 मध्ये सैन्याच्या क्रॉसकंट्रीत पळाला आणि तिथून सगळं सुरू झालं. म्हणजे या माणसाने सिरियसली पळायला सुरुवात केली तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी 'आता नाही तर कधीच नाही' असं ज्यांना फोनवर सांगितलं जातंय, त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आणि साबळे स्नेसारेव्ह यांच्याकडेही होता बरं का! राष्ट्रीय शिबिरात त्याला तेच कोच मिळाले. ललिताला ज्यांनी ऑलिंपिक फायनलपर्यंत नेलं, तेच. पण त्याचं तिथे जमलं नाही. 2018 मध्ये दुखापत झाली, एशियन गेम्स हुकले, आणि तो सैन्यातल्या आपल्या जुन्या कोचकडे, अमरीश कुमारांकडे परत गेला. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने 8 मिनिटं 29.80 सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. तीच पद्धत, तोच कोच, एकीला पंख फुटले आणि दुसऱ्याला त्रास झाला. चूक कुणाचीच नाही. म्हणून 'अमक्या अकादमीतून तमकी घडली' एवढं ऐकून बॅग भरू नका. ती तिथे घडली. तुमचं शरीर वेगळं, स्वभाव वेगळा.

पण साबळेची गोष्ट इथे संपली असती तर मी मावशीला 'घरीच ठेव' म्हणाले असते. ती संपत नाही. 2022 मध्ये तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला, स्कॉट सिमन्स या कोचकडे. का? एक तर उंची. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी, मग शरीर हळूहळू जास्त लाल पेशी बनवतं, आणि खाली येऊन पळाल्यावर त्याचा फायदा होतो. पण उंची तर आपल्या उटीलाही आहे, आपली शिबिरं तिथे व्हायचीच. मला वाटतं, दुसरं कारण मोठं होतं. तिथे त्याच्याबरोबर पळायला त्याच्या तोडीचे लोक होते. भारतात तो एकटा पुढे आणि बाकीचे मागे. रोजच्या सरावात पाठलाग करायला पुढे कुणी नसेल तर फायनलच्या शेवटच्या चारशे मीटरची सवय कुठून होणार?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये साबळेला रौप्यपदक मिळालं. वेळ 8 मिनिटं 11.20 सेकंद. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या भागाने, 0.05 ने. 1998 पासून 2018 पर्यंत प्रत्येक कॉमनवेल्थमध्ये या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. त्यांच्या मधे आष्टीचा माणूस घुसला. पुढच्या वर्षी हांगझाउच्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण, आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकची फायनल.

तो परदेशी गेला तेव्हा वय होतं 27. पगार सुरू होता, सैन्याची नोकरी होती, राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर होता, आणि आपल्याला नेमकं काय कमी पडतंय हे त्याला माहीत होतं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. सोळाव्या वर्षी आपल्याला काय कमी पडतंय ते माहीतच नसतं. सगळंच कमी पडतंय असं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, सत्ताविशीपर्यंत घरी बसायचं? नाही ना. स्वप्नील कुसळेचं बघा. कोल्हापूर जिल्ह्यातलं कांबळवाडी गाव. 2009 मध्ये, चौदाव्या वर्षी, वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथे नेमबाजी निवडली, नाशिकला राहून शिकला. पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला (विदाउट प्रवास करणाऱ्या दोस्तांनो, असा नेम असलेला टीसी समोर आला तर विचार करा). आणि 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिक ब्राँझ. घरातून निघाल्यापासून पंधरा वर्षांनी. तो लवकर गेला, बाहेर गेला, आणि चांगलं झालं. पण त्याला घेणारी संस्था सरकारी होती, राहणं-जेवण-शाळा तिने बघितली, वडिलांच्या पगाराचा गळा आवळला नाही. अशा संस्था शाळकरी वयातच चाचण्या घेतात. आमच्या घरी हे कुणाला माहीतच नव्हतं. हिच्या शाळेत कुणी सांगितलं असतं तर कदाचित सहावी-सातवीतच हा प्रश्न सुटला असता, असं वाटून मला जरा रागही आला. तुमच्या घरात लहान भावंडं असतील तर हे वाक्य त्यांच्यासाठी आहे.

पैशांचं बोललेच आहे तर अजून एक. 'खेलो इंडिया'त निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला 10 हजार रुपये हातखर्चाला मिळतात आणि मान्यताप्राप्त अकादमीतला खर्च सरकार करतं. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यामुळे एखादी अकादमी तुमच्याकडून चार महिन्यांचा पगार मागत असेल तर तिला विचारा की तुम्ही मान्यताप्राप्त आहात का, आणि कुणाकडून. कागद दाखवा म्हणा. लाजू नका.

लाजू नका वरून आठवलं. मुलींनो, हे तुमच्यासाठी, आणि मुलांनो, तुम्हीही वाचा. पळणाऱ्या मुलींमध्ये एक गोष्ट फार होते आणि फार कमी बोलली जाते. ट्रेनिंग वाढतं, खाणं तेवढंच राहतं किंवा 'वजन कमी कर' म्हणून कमी होतं, आणि मग पाळी अनियमित होते किंवा बंदच होते. काही जणींना ते सोयीचं वाटतं. पण तो शरीराने दिलेला अलार्म असतो. हाडं कमकुवत होतात, नडगीला बारीक फ्रॅक्चर होतात, रक्त कमी होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं, इतकी ती जगभर सापडते. घरी असताना आईला दुसऱ्याच महिन्यात कळतं. हॉस्टेलवर कळायला कोण आहे? पुरुष कोचला सोळा वर्षांची मुलगी हे सांगेल का? माझ्या वर्गातली एक मैत्रीण दहावीनंतर अशीच एका निवासी अकादमीत गेली होती. आठ महिन्यांनी परत आली ती लंगडत. कुठली अकादमी ते सांगत नाही, तिलाही आता तो विषय नकोय. तिला तिथे कुणी छळलं नव्हतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

हे सगळं घेऊन मी पुढच्या रविवारी खरवईला गेले. या वेळी डाळ-भात होता. मी मावशीला काय सांगितलं ते तुम्हालाही सांगते. माझं मत आहे, नियम नाही. सोळाव्या वर्षी बाहेर जायला हरकत नाही, पण तिथे आपलं माणूस पाहिजे, नाहीतर आपल्या माणसाची जागा घेईल अशी संस्था पाहिजे, जिथे कुणीतरी रोज 'जेवलीस का' एवढं तरी विचारेल. ते नसेल तर दोन वर्षं थांबावं, आणि ती दोन वर्षं नुसती रस्त्यावर एकटीने काढू नयेत. शनिवार-रविवारी ट्रॅकवर जावं, तिच्यापेक्षा जोरात पळणाऱ्या पोरांबरोबर पळावं, हरावं. रहाणेचे वडील मागच्या डब्यात बसले होते तसं कुणीतरी मागच्या डब्यात बसावं. आणि परदेशाचं गाजर तर विसरूनच जावं. ते सत्ताविशीत बघू.

"दोन वर्षं म्हणजे मी अठराची होईन," ती म्हणाली. जणू काही ऐंशीची. मग थोड्या वेळाने, "आणि मधे दुसरी कुणी पुढे गेली तर?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शारांगोविचचं सांगितलं, 141 वा नंबर, 31 गोल. तिने ऐकून घेतलं. पण लेव्शुनोव्हही तिच्याच वयात गेला होता, हे मीच तिला आधी सांगून बसले होते, आणि तिने ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. तिचं म्हणणं खोटं नाही. थांबण्याचीही किंमत असते आणि ती भरणारी मी नाही, ती आहे. 'थांब' म्हणणाऱ्या आपण सगळ्या मोठ्यांनी हे मनात ठेवायला हवं, असं मला तिच्याकडे बघून वाटलं.

शेवटी तिनेच मार्ग काढला. अकाउंट्सच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहिले आणि काकांसमोर, स्पीकरवर, अकादमीला फोन लावला. मुलींच्या हॉस्टेलला बाई वॉर्डन आहे का, रात्री राहते का? डॉक्टर कोण? स्टीपलचेसचा वॉटर जंप आहे का? बारावीची परीक्षा कुठून द्यायची? गेल्या तीन वर्षांत किती मुली आल्या आणि त्यातल्या किती मधेच सोडून गेल्या? तिकडच्या सरांनी पहिल्या चारांची उत्तरं पटापट दिली. पाचव्याला जरा थांबले. मग म्हणाले, बघून सांगतो. काका पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "हा प्रश्न कुणी काढला?" तिनेच काढला होता. मी नाही.

मग तिने विचारलं, फी न भरता आठवडाभर येऊन राहू का? सोबत आई येईल. सर म्हणाले, या.

दिवाळीच्या सुट्टीतली तारीख ठरली. मावशी आयुष्यात पहिल्यांदा एका ग्राउंडवर आठवडाभर बसणार आहे, आणि तिथल्या स्वयंपाकघरात डोकावणार आहे, हे तिने आत्ताच जाहीर केलंय. तिकिटं काढलीत. वेटिंग 11 आणि 12.

बहीण रोज पाचला उठतेय. परवापासून काका शिफ्ट संपवून आल्यावर न झोपता तिच्या मागे स्कूटर घेऊन जातात, हेडलाइट लावून. ती म्हणते त्यामुळे तिचा वेग वाढलाय, कारण हॉर्न वाजवतात.